दुसरी विनंती

ताटलीतलं सूप समुद्राच्या बाजूला काठाला टेकलं होतं, चुलीच्या बाजूला काठाच्या बोटभर खाली. घर समुद्राकडे कलत चाललं होतं; मागच्या हिवाळ्यात हा फरक अर्ध्या बोटाचा होता. एतेल्विना दर बुधवारी ओनोफ्रेसाठी सूप आणत असे, त्यामुळे तिला तो ठाऊक होता.

"वहिनी, भरून वाढू नकोस," तिची नणंद क्लोरिंदा म्हणाली. "अर्धं समुद्राच्या पोटात जाईल."

ओनोफ्रे हसला. डाव्या हाताने ताटली धरून तो जेवायला लागला. ताटली धरून जेवायची त्याला आता सवय झाली होती.

घराच्या मागच्या भिंतीपासून कड्याच्या काठापर्यंत सात पावलं उरली होती. सकाळी नगरपालिकेचा माणूस येऊन दाराला लाल फीत बांधून गेला होता. महिनाअखेरीच्या मोठ्या भरतीआधी घर रिकामं करायचं होतं. पुएर्तो माँत शहरात भाचीने खोली तयार ठेवली आहे, चौथ्या मजल्यावर, असं ओनोफ्रेने सांगितलं. दुसऱ्या कुणाची तरी बातमी सांगावी तसं. वर जायला लिफ्ट आहे म्हणे.

"कोंबड्या नेऊ देतात का लिफ्टमधून?" क्लोरिंदाने विचारलं.

घर लाकडाचं होतं, त्याच्या वडिलांनी बांधलेलं. चिलोए बेटावर अशी घरं जागची उचलून नेतात. खाली ओंडके सारायचे, दोर बांधायचे, बैलांच्या जोड्या जुंपायच्या. बाकी गाव ओढतं. मजुरी नसते, पोटभर जेवण असतं. मात्र ज्याचं काम आहे त्याने दारोदार जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि विनंती करायची. विनंतीला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

बैलांना घर ओढत नेता येईल इतकी जवळची सपाट जागा एकच होती, एतेल्विनाचं वरचं शेत. हे गावात सगळ्यांना दिसत होतं.

नऊ वर्षांपूर्वी एतेल्विनाचा नवरा अंथरुणाला खिळला, तेव्हा बटाटे जमिनीत होते आणि पाऊस थांबत नव्हता. ती विनंती घेऊन याच दारात उभी राहिली होती. माझेच काढायचे राहिलेत, असं म्हणून ओनोफ्रेने दार लावून घेतलं. त्याचं बघून आणखी दोघे आले नाहीत. अर्धं शेत कुजलं, आणि नवरा ते खिडकीतून बघत बघतच वारला.

गावात पाद्री वर्षातून दोनदा बोटीने येतो. बाकीच्या रविवारी चर्चमध्ये प्रार्थना एतेल्विना सांगते. 'आम्ही इतरांना क्षमा करतो तशी तू आम्हाला कर' या ओळीपाशी तिचा आवाज खाली जातो, हे फक्त शेजारी उभ्या राहणाऱ्या क्लोरिंदाला माहीत होतं. ओनोफ्रेची बायको गेल्यावर एतेल्विनाने त्याला सूप न्यायला सुरुवात केली, तेव्हा लोकांनी तिचं कौतुक केलं. तिने ते मनावर घेतलं नाही. सूप सोपं आहे, हे ती जाणून होती.

क्लोरिंदाने चुलीत लाकूड सारलं. "तुला जायचंय का भाचीकडे?"

"नाही."

"मग तोंडाला कुलूप का? जागा हिची आहे आणि ही तुझ्यासमोर बसली आहे. विचार की."

ओनोफ्रेने चमचा खाली ठेवला.

"ज्याने एकदा नाही म्हटलं त्याला मागता येत नाही, क्लोरिंदा. तुझ्या भावाचे बटाटे कुजत होते, तेव्हा मी कुंपणाशी उभा राहून बघत होतो. माझे काढून झाले होते."

नऊ वर्षं क्लोरिंदाने या माणसासाठी एक उत्तर जपून ठेवलं होतं. ते तिने दिलं नाही.

ओनोफ्रे कधीतरी हे बोलेल आणि मग आतलं काहीतरी सैल होईल, असं एतेल्विनाला वाटत आलं होतं. आता तो बोलला, पण तसं झालं नाही. राग जिथे होता तिथेच होता, तेवढाच. राग जायची वाट बघायची, तर घर आधी गेलं असतं.

ती उठली. बाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतलं.

"झालं," क्लोरिंदा म्हणाली. "पुढच्या बुधवारपासून सूप मी आणायचं म्हणजे. माझं पातळ असतं, आत्ताच सांगून ठेवते."

तेवढ्यात दारावर थाप पडली. मग दुसरी. दिवसाउजेडी या दारावर कुणी थाप मारत नसे, सरळ आत येत. ओनोफ्रेने क्लोरिंदाकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. टेबलाला धरून तो उठला आणि उताराच्या जमिनीवरून पावलं जपत दाराशी गेला.

एतेल्विना उंबऱ्याबाहेर उभी होती. डोक्याचा रुमाल काढून तिने हातात घेतला होता, विनंतीला आलेला माणूस घेतो तसा. वारा होता, केस तोंडावर येत होते, पण ती ते मागे सारत नव्हती.

"ओनोफ्रेदादा," ती म्हणाली, "मी विनंती घेऊन आले आहे. माझ्या वरच्या शेताला शेजार नाही. तुमचं घर तिथे आणा. दारोदार मी जाईन, जेवणही माझ्याकडे. या वेळी नाही म्हणू नका."