टिकणारं मशीन

सासरेबुवा लेकीला कॉफीचं मशीन घेऊन देणार म्हटल्यावर जावई आपणहून दुकानात आला. जन्मभर पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला असल्या वस्तूंतलं काय कळतंय, ही गंमतही त्याला बघायची होती.

त्याने चकचकीत, पडद्यावर बोट ठेवलं की चालणारं मशीन पसंत केलं. म्हाताऱ्याने ते उलटं करून तळाचे स्क्रू शोधले आणि परत जागेवर ठेवलं.

"दिसायला देखणं, आत सगळं प्लास्टिक. एकदा फसलोय मी."

जावई विक्रेत्याकडे बघून हसला. "जुनी माणसं. यांच्या लेकीचंही तसंच. सहा वर्षं शिकवतोय, अजून तोंडात धरण्यासारखी कॉफी करता येत नाही."

बायको नेहमीसारखी खाली मान घालून उभी होती.

म्हाताऱ्याने अखेर जाड पत्र्याचं, एकाच बटणाचं ठोकळेबाज मशीन निवडलं. "याचे पार्ट मिळतात. वीस वर्षं तरी बघायला नको."

"घ्या, तुमची हौस," जावई म्हणाला. "पण असला डबा माझ्या ओट्यावर शोभणार नाही, एवढं सांगून ठेवतो."

विक्रेत्याने मशीन कुठे पाठवायचं ते विचारलं. जावई कंटाळलेल्या सुरात आपल्या फ्लॅटचा नंबर सांगू लागला.

"तो नका लिहू," बायको पहिल्यांदाच बोलली. "बाबांच्या घरचा पत्ता लिहा. आजपासून मी तिथेच राहणार आहे."