पाचवी नोंद

रविवारी सकाळी लेक गॅलरीतल्या टबापाशी उकिडवी बसली आणि वाकून मातीत पाहू लागली. आई दारात उभी होती.

टबात फक्त माती, आधीचं बी-किडा काही उरू नये म्हणून भाजलेली. रोज पाणी घालायचं, दुसरं काही घालायचं नाही, आणि आपणहून कोण कोण राहायला येतं ते दर रविवारी लिहायचं, असं शाळेने सांगितलं होतं. दहा आठवड्यांत शेवाळ आलं, गवत आलं, मुंग्या आल्या, आणि लाल देठाचं एक दोन पानांचं रोप. चार. शेजारच्या बाकावरच्या मुलीकडे नऊ झाले होते. म्हणून गुरुवारी, लेक शाळेत असताना, आईने खालच्या नळाजवळच्या भिंतीवरची गोगलगाय आणून टबात सोडली होती.

"गोगलगाय आलीय," लेक म्हणाली. "पण माझं रोप खाल्लं तिने. नुसता देठ राहिलाय."

"वा, पाहुणीने घरच्यालाच गिळलं," बाबा आतून म्हणाले.

"बाबा, हसू नकोस. एक आली, एक गेलं. पुन्हा चारच."

आई पुढे झाली. "सरक, टाकून देते तिला."

"नाही हं. आलेल्याला हाकलायचं नाही, बाई म्हणाल्यात." लेकीने हात आडवा धरला. नाक ओढलं. "आणि तीन मजले चढून आलीय गं ती. भूक लागणारच ना."

"अगं, ती..." आईच्या अगदी जिभेवर आलं होतं.

"किती दिवस लागले असतील तिला?"

"लागले असतील," आई म्हणाली. "बरेच."

लेकीने शाळेच्या वहीत गोगलगाय लिहिली. पुढे 'तीन मजले चालत आली' असं लिहून त्याखाली पट्टीने रेघ मारली. मग वही आईपुढे धरली. पानाच्या तळाशी छापलं होतं: 'माझ्या पाल्याने टबात बाहेरून काहीही टाकलेले नाही. पालकांची सही.'

आईने ते दोनदा वाचलं. त्यात एक शब्दही खोटा नव्हता. तिने सही केली, नेहमीपेक्षा बरीच बारीक.