माऊसला हात कुणाचा

"हात काढा आधी!" बाई कडाडल्या.

मावशींच्या लेकानं माऊस सोडला. तिशीतला धिप्पाड गडी, आईच्या शेजारी स्टूल ओढून बसलेला.

नवशिक्यांच्या या कम्प्युटर वर्गात बाईंचा नियम एकच होता. माऊस धरायचा तो शिकणाऱ्यानं. बाई स्वतःही कुणाच्या माऊसला हात लावायच्या नाहीत. दुसऱ्यानं करून दिलेलं घरी पोहोचेपर्यंतही डोक्यात राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि हा बाबा आईला सोडायला म्हणून यायचा तो ठाण मांडूनच बसायचा!

मावशी म्हणजे गरीब गाय. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, "गोदामात येत्या सोमवारपासून सगळी नोंद कम्प्युटरवर, बाई. जमलं नाही तर माझी नोकरी गेलीच समजा."

फाइल सेव्ह कशी करायची, हे त्या रोज नव्यानं विचारायच्या. बाई न कंटाळता सांगायच्या. पण मावशी जरा अडखळल्या, की लेकाचा पंजा मध्ये आलाच. बरं, त्याला तरी धड येत होतं? छे! आज तर त्यानं मावशींनी टाइप केलेलं अख्खं पान सेव्ह न करताच बंद करून टाकलं.

बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. "स्वतःला ओ की ठो कळत नाही आणि आईलाही शिकू देत नाही? तिची नोकरी गेली तर तुम्ही भरून देणार आहात का? चला, उठा! पुन्हा या वर्गात पाऊल टाकायचं नाही."

सगळा वर्ग माना वळवून बघत होता. लेकाचा चेहरा लालबुंद झाला. त्यानं एकदा आईकडे पाहिलं आणि खाली मान घालून तो निघून गेला.

"गेली ब्याद!" बाई म्हणाल्या. "मावशी, आता निवांत शिका. तुमची नोकरी कशी जाते तेच बघते मी."

मावशींनी कीबोर्ड पुढे ओढला. दहाही बोटं भराभर चालली, आणि गेलेलं पान बघता बघता पडद्यावर उभं राहिलं. मावशींनी ते सेव्ह केलं, कम्प्युटर बंद केला आणि पिशवी उचलली.

"माझी सगळी नोकरी टायपिंग करण्यातच गेली, बाई. निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली," त्या म्हणाल्या. रागानं त्यांचा आवाज कापत होता. "चारचौघांत चुकायची लाज वाटते त्याला, म्हणून माझ्या नावावर इथं आणून बसवला होता. सोमवारी गोदामात त्याला बसायचंय."