जेवणाआधीचं मिनिट

पातेल्यावरचं झाकण खडखडलं, तशी ती भानावर आली आणि तिने उठून गॅस बारीक केला. जनगणनेच्या कामासाठी दिवसभर जिने चढून पायांचे तुकडे पडले होते. यंदा धर्माच्या रकान्यापाशी दर तिसऱ्या-चौथ्या दारात कुणीतरी सहज म्हणायचं, "कुठलाच नाही, लिहून टाका." तिला त्यांचा हेवा वाटायचा. तिचा आणि नवऱ्याचा विश्वास कधीच उडाला होता. पण सासूबाईंचं मन दुखायला नको म्हणून दोघंही रोज जेवणाआधी मिनिटभर डोळे मिटून प्रार्थनेला बसायचे.

आता फक्त स्वतःच्या घराचा फॉर्म उरला होता. धीर गोळा करून ती म्हणाली, "आई, रागावू नका, पण आमच्या दोघांपुढे मी 'कुठलाच नाही' लिहितेय."

उद्याची भाजी निवडणाऱ्या सासूबाईंनी मान वर केली नाही. "मग माझ्यापुढेही तेच लिही बाई. हे गेले तेव्हाच माझं सगळं सुटलं. तुम्ही दोघं इतकं मनापासून डोळे मिटता, म्हणून मी आपली बसते."

ताटं मांडता मांडता तिची लेक थांबली.

"आई, मग रोज आपण सगळे डोळे मिटतो, ते कुणासाठी?"