साहेब जाईपर्यंतचा श्रामणेर

चहाच्या दुकानांत राबणारी पोरं शोधायला मजूर खात्याचा साहेब येणार, अशी मंडालेच्या बाजारात कुणकुण लागली. चहावाल्या ऊ टे विनकडे दहा वर्षांचा पो ची कामाला होता. लढाईत गाव जळालं तेव्हा मामानं त्याला इथं आणून सोडलेलं. मालकानं शक्कल लढवली. पोराचं मुंडण करवलं, अंगावर चीवर चढवलं आणि "साहेब जाईपर्यंत श्रामणेर हो, छोटा भिक्खू," म्हणून विहारात नेऊन बसवलं.

साहेब आला, फुकटचे समोसे हाणले आणि आत न डोकावताच निघून गेला.

मालक लगोलग विहारात हजर. "चल रे पो ची, कपबशांचा ढीग पडलाय!"

थोरले भंते खाकरले. "श्रामणेराशी असं बोलतात होय?"

मालकानं जीभ चावली. गुडघे टेकून त्यानं पोरापुढं कपाळ जमिनीला लावलं. "महाराज, आपण चीवर कधी उतरवणार?"

पो चीनं पाटीवरून मान वर केली. "अजून मुळाक्षरं अर्धीच झालीत, उपासक."

"अहो, पण मग दुकानात कधी येणार?"

"उद्या सकाळी."

मालकाचा जीव भांड्यात पडला.



सकाळी पो ची आला खरा. भिक्षापात्र घेऊन दारात उभा राहिला, आणि मालकानं चपला काढून, खाली वाकून त्याला गरम भात वाढला.