कपाटातला जोड

गावाचा राखणदार देव रोज रात्री इब्रामपूरची शीव फिरतो, म्हणून त्याच्या घुमटीत, म्हणजे छोट्या देवळीत, वाहिलेल्या वहाणा झिजतात, असे सगळा गाव सांगे. “खरें गे आई?” गौरवीने विचारले. “करून बघूया,” सुविधा म्हणाली. मोच्याकडून तिने सारखे दोन जोड आणले. एक राखणदाराला गाऱ्हाणे घालून घुमटीत ठेवला. दुसरा तुलनेसाठी घरच्या कपाटात कुलूपबंद केला आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात अडकवली. महिन्याने दोघींनी घुमटी गाठली. वहाणा कोऱ्याच होत्या, वर नुसती धूळ. “बघलें? कोण चलना,” सुविधा हसली. मग घरी येऊन नावापुरते कपाट उघडले. कुलूप जसेच्या तसे होते. आतल्या वहाणांचे तळ झिजले होते, टाचांना तांबडी माती, अजून ओली. आईने शिकवल्याप्रमाणे गौरवीने आधी नीट पाहिले, मगच राखणदार कुठे राहतो याचा निष्कर्ष काढला. “तो चलता, आई. पूण घुमटीत रवना.”