कुंकू लावलेला सेन्सर

“बाबांचे हातच थरथरायचे. गाडीला दोष कशाला देतेस, ताई?” माझा भाऊ मलकपेठच्या गॅरेजमध्ये सगळ्यांसमोर ओरडला. दुभाजकावर गाडी आदळून बाबा गेले, त्याला तीन आठवडे झाले होते. गाडी आपोआप डावीकडे ओढते, असं ते महिनाभर सांगत होते. शेवटी त्यांनी स्टिअरिंगचा नवा सेन्सर आणला, देवापुढे ठेवून त्याला कुंकू लावलं आणि बसवून आण म्हणून भावाकडे दिला. “बसवलाय ना! किती वेळा सांगू?” भाऊ खेकसला. मेकॅनिकने स्कॅनर जोडला. “चक्के सीधे हैं, मॅडम, पर सेन्सर बारा डिग्री लेफ्ट बतारा.” “खोलो,” मी म्हणाले. “नक्को, ताई. घरी चल.” भावाचा आवाज एकदम उतरला. मेकॅनिकने स्टिअरिंग काढून सेन्सर माझ्या तळहातावर ठेवला. मी तो उलटून पाहिला. त्यावर जुनी तेलकट धूळ होती. कुंकू कुठेच नव्हतं.